बाळंतिणीच्या न्हाणाचं पाणी
वरंधच्या वर डोंगरात आमची वाडी. चैत्र सरला की झऱ्याला करंगळीएवढी धार उरे आणि एक हंडा भरेस्तोवर बायकांची तीन भांडणं होत. पुरुषमाणसं दासगावहून बोटीनं मुंबईला, गिरणीत. घरात आई, विधवा आत्या, वहिनी आणि मी.

त्या वैशाखात वहिनी बाळंत झाली. तिला दूधच येईना. बाळ कापसाच्या बोळ्यानं म्हशीच्या दुधावर जगत होतं आणि म्हैस तहानेनं आटत चालली होती. म्हैस गेली तर बाळही जाणार, हे सगळ्यांना कळत होतं. 

एकदा वापरलं की पाणी फेकून द्यायचं, अशी चैन आमच्याकडे नव्हती. तांदळाचं धुवण म्हशीला, अंघोळीचं केळीला. फक्त बाळंतिणीच्या न्हाणाचं पाणी सुवेराचं, विटाळाचं. ते परसातल्या खड्ड्यात जायचं आणि जनावरानं तोंड घालू नये म्हणून वर काटेरी फांद्या टाकायच्या.

आईनं भोक पाडलेल्या मडक्यात वाळू नि कोळसा भरून ते पाणी गाळायला घेतलं. आत्यानं मडकं पालथं केलं.

"सुवेराचं पाणी दुभत्या जनावराला? घराचं वाटोळं करशील गो!"

"वन्सं, पोर जगाया नको?"

"देव हाय ना."

मला असा संताप आला! देव काय झऱ्यावर हंडा घेऊन उभा राहणार होता?

दुसऱ्या दिवशी दुपारी गोठ्यात तुटलेलं दावं दिसलं. म्हैस नाही. वाडीच्या खाली दरी. आई ओरडत कड्याकडे धावली, मी परसात. म्हैस तिथं खड्ड्यात तोंड घालून उभी. काट्यांनी मुस्काट रक्तबंबाळ झालेलं, तरी तोंड वर काढत नव्हती.

मागून आत्या काठी घेऊन आली. मी मध्ये उभी राहिले. आत बाळ रडत होतं. रडणं कसलं, नुसतं कण्हणं.

आत्यानं काठी टाकली. खाली बसून म्हशीच्या मुस्काटातले काटे एकेक करून काढले. मग आईला हाक मारली, "मडकं भर गो."

बाळ जगलं. सुवेर फिटेपर्यंत ते पाणी आत्यानंच म्हशीला पाजलं. आई पुढं झाली की तिचा हात झिडकारायची.

"तू नको हात लावू. पाप लागलं तर माझ्या एकटीला लागू दे."