गिरीशची मान

ब्रिस्टलच्या एका विमान-कंपनीत पंखांची गणितं करणारा गिरीश सबनीस चौतिसाव्या वर्षी चिनी बँडमध्ये घुसला. गावात चिनी विद्यार्थ्यांचे तीन-चार बँड होते. त्यातल्या एकाचा ड्रमवाला शिक्षण संपवून चेंगडूला परतला, म्हणून हा बदली. भांडवल काय, तर नागपुरात सात वर्षं शिकलेला तबला!

त्यांचं संगीत म्हणजे पोस्ट-रॉक. शब्द नाहीत. गिटारींची कुजबुज सतरा-अठरा मिनिटं चढत चढत जाते आणि शेवटी खिडक्यांच्या काचा हलवणारा गदारोळ. देवयानीनं एकदा तालीम ऐकली आणि बायकोच्या हक्कानं विचारलं, "अरे, हे वाद्यं लावताहेत की वाजवताहेत?"

"तुला नाही कळायचं."

"तुला कळतं?"

कळत त्यालाही नव्हतं. पण जीव जडला होता खरा. २००७च्या चिनी नववर्षाच्या कार्यक्रमात नीट वाजवलं तर जागा पक्की, नाहीतर दुसरा कुणी बघू, असं बँडची म्होरकी वेनजिंग म्हणाली होती. गिरीशनं तालमीसाठी चक्क रजा काढली.

नियम एकच. मात्रा कुणी मोजायच्या नाहीत. अठराव्या मिनिटाच्या सुमारास ड्रमवाल्यानं मान हलवली की सगळ्यांनी तुटून पडायचं. तोवर त्यानं मान ताठ ठेवायची. आता मैफिलींत वाढलेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे भजी तळ, पण वास घेऊ नकोस म्हणण्यासारखं.

दुपारी दोनला हॉल भरला. पुढच्या रांगेत चिनी आज्या डंपलिंग खात बसलेल्या. चौथ्याच मिनिटाला वेनजिंगनं गिटारवर एक स्वर असा खेचला आणि इतका अलगद सोडला, की गिरीशची मान आपसूक डोलली. झालं! दोन्ही गिटारी आणि बेस एकदम कोसळले. एका आजीचं डंपलिंग मांडीवर पडलं. सातव्या मिनिटाला सगळं आटोपलं. टाळ्या कडकडून पडल्या. बहुधा आटोपलं म्हणूनच.

आत जाताच वेनजिंग कडाडली, "मान का हलवलीस?"

"तू फार सुंदर वाजवलंस म्हणून."

"असं मध्येच?"

"आमच्यात मध्येच सांगतात. शेवटपर्यंत कोण थांबतंय?"

बँडच्या तीन वर्षांत तिच्या वाजवण्याला कुणी मध्ये काय, शेवटीसुद्धा दाद दिली नव्हती. तिनं गिटारची वायर गुंडाळून ठेवली.

"गुरुवारी सहाला तालीम," ती म्हणाली. "आता तू कायमचा. पण दाद द्यायची ती तोंडानं दे."