हलकी पाटी

मला तराजूत बसवलं.

पाटलाच्या खळ्यावर कडुलिंबाच्या फांदीला कापूस तोलायचा मोठा तराजू टांगलेला होता. साखळ्यांना अडकवलेली दोन लाकडी पारडी. एका पारड्यात मी, उकिडवी, गुडघे पोटाशी धरून. दुसऱ्यात लोखंडी मापं. पाटलाचा गडी एकेक माप ठेवायचा आणि मी झुलायची. भोवती पंधरा-वीस बाप्ये उभे.

"सरकी काढून तोला रं," कुणीतरी म्हणालं.

सगळे हसले. मी पदर दातात धरला.

"अडतीस," गडी ओरडला.

साहेबांनी कागदावर लिहून घेतलं. मग फोटो काढला. "झालं बाई, उतरा," म्हणाले. माझे पाय जमिनीला लागतात न लागतात तोच पाटील बाजेवरून बोलला, "पारड्यावर पाणी मारा रं. उद्या ज्वारी तोलायची हाय."

गड्यानं बादली आणली. मी बसले होते त्याच पारड्यावर ओतली. दुसऱ्यावर नाही. माझे पाय भिजले.

साहेबांनी हे पाहिलं. पेन हातातच होतं. हे त्यांनी लिहून घेतलं नाही.

मला कुणी धरून बसवलं नव्हतं. साहेब म्हणाले, "बसा," आणि मी बसले. एवढंच नाही, घरून निघताना मी तोंड धुऊन, केस विंचरून गेले होते. मला वाटलं होतं, माझा मान होणार आहे.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. आमचं गाव केदारखेड्याच्या पुढं दोन कोसांवर. आता जालना जिल्हा म्हणतात, तेव्हा औरंगाबाद होता. विहिरी आटल्या होत्या, जनावरं विकली होती. ज्यांची होती त्यांनी. आम्ही बौद्ध, आमच्याकडं विकायला काही नव्हतं. गावाशेजारी पाझर तलावाचं काम निघालं आणि सगळी वस्ती मातीवर गेली. बाप्यांनी खणायचं, पाटी भरून द्यायची. बायांनी डोक्यावर घेऊन पाळीवर टाकायची. पाळ म्हणजे तलावाचा बांध. संध्याकाळी खड्ड्याचं माप व्हायचं. माप भरलं की टोळीची हजेरी लागायची. दुपारी सुकडी मिळायची, भाजलेल्या पिठाचा गोड भुगा. त्यावर लेकरं जगत होती.

आमच्या टोळीत एक रीत होती. कुणी शिकवलेली नाही, सासूकडून सुनेकडं आलेली. टोळीत कुणी बाळंतीण असली की तिला हलकी पाटी द्यायची. भरणारा चारऐवजी दोनच खोरी टाकायचा आणि उरलेली दोन खोरी बाकीच्यांच्या पाटीत वाटून जायची. खड्डा संध्याकाळी मापात भरायचा तेवढाच भरायचा. त्यावर बोलायचं नाही. बाळंतिणीच्या पाटीत बघायचंही नाही.

त्या वेळी हलकी पाटी माझ्या धाकट्या जावेची होती. केवळा. बाळंत होऊन वीस दिवस झाले होते. मुलगी झालेली. बाभळीला झोळी बांधून तिला त्यात टाकायची आणि कामाला लागायची.

अशात एक दिवस जीप आली. जीपवर नावाची पाटी होती. मी चौथीपर्यंत शिकलेली, टोळीतली वाचता येणारी एकटी बाई मीच. मी मोठ्यानं वाचलं, "मनुष्यबळ."

"म्हंजे?" भागाबाईनं विचारलं. भागाबाई आमच्यातली सगळ्यात म्हातारी. साठीच्या पुढची, तरी पाटी उचलायची.

"मनुष्य म्हंजे माणूस, बळ म्हंजे जोर."

"पाटलाच्या इंजिनावर बी लिव्हलंय की, पाच घोड्यांचा जोर म्हून," भागाबाई म्हणाली. "आता आपल्यावर लिव्हतेत वाटतं."

आम्ही हसलो. ती बरोबर बोलली होती, पण ते मला फार उशिरा कळलं.

जीपमधून एक तरुण साहेब उतरले. चष्मा, पांढरा सदरा, बोलणं मऊ. त्यांनी सांगितलं की मुंबईच्या एका मोठ्या कारखानदाराचं फौंडेशन आहे, ते पैसे देतं, आणि त्या पैशातून माणसं किती काम करू शकतात याचा अभ्यास चालू आहे. सरकारचा यात काही संबंध नाही. भिऊ नका. मग प्रत्येकीच्या पदराला टाचणीनं कागदाचा नंबर लावला. मला सतरा. केवळाला अठरा.

मी विचारलं, "साहेब, आम्ही काय करायचं?"

"काही नाही. नेहमीसारखंच काम करा. मी फक्त बघणार."

इथं आमचं चुकलं. आमच्याकडं पाहुणा दारात येतो आणि म्हणतो, "माझ्यासाठी काही करू नका." मग आपण काय करतो? चूल पेटवतो. नसलं तर शेजारून पीठ आणतो. कुणी "काही करू नका" म्हणालं की जास्त करायचं, हे आमच्या अंगात. साहेब म्हणाले "नेहमीसारखंच", आम्ही ऐकलं, "आज दाखवा."

आम्ही धावलो. बायांनी पदर खोचले. मी सगळ्यांच्या पुढं. तेव्हा बावीस वर्षांची होते. मोठ्या पाट्या घेतल्या, पळत नेल्या, पळत आले. साहेबांच्या हातात घड्याळ होतं, बटण दाबलं की काटा थांबणारं. मी जवळून गेले की ते दाबायचे. मला तो टक्‌ आवाज आवडायला लागला. दुपारी मला धाप लागली, डोळ्यांपुढं अंधारी आली, तरी थांबले नाही. साहेब म्हणाले, "शाब्बास सतरा." कामावर मला कधी कुणी शाब्बास म्हटलं नव्हतं.

मध्येच त्यांनी पाट्या तोलायला सुरुवात केली. काट्याला अडकवायच्या, आकडा बघायचा. केवळाची पाटी अडकवली. आकडा बघितला. मातीत बघितलं. केवळाकडं बघितलं. लिहिलं.

आम्ही सगळ्यांनी माना फिरवल्या. कुणी बोललं नाही. बाळंतिणीच्या पाटीबद्दल बोलायचं नसतं ना.

तिसऱ्या दिवशी मला पाटलाच्या खळ्यावर बोलावलं. सगळ्यात जास्त खेपा माझ्या, म्हणून एवढं काम करणारीचं अंग किती वजनाचं ते बघायचं होतं. गावात माणूस बसेल असा तराजू एकच, पाटलाचा. तिथं काय झालं ते सांगितलं.

ओल्या पायांनी घरी आले. केवळा भाकर थापत होती. तिनं विचारलं, "आक्का, काय दिलं गं साहेबानं?"

"पाणी," मी म्हणाले.

चार दिवसांनी मुकादम सकाळी हजेरीला कागद घेऊन उभा राहिला. साहेबांनी त्याला एक प्रत दिली होती. तो म्हणाला, "सतरा नंबरची बाई अर्ध्या दिसात एवढ्या खेपा टाकते, मंग तुमाला काय झालं? आजपासून समद्यांचं माप तिच्याबराबर. अन् ही अठरा नंबर." त्यानं केवळाकडं बोट केलं. "ही आम्हाला फसवून राह्यली. अर्धी पाटी. उद्यापासून येऊ नको."

केवळा बाभळीकडं गेली. झोळीतून पोरगी काढली, नंबराचा कागद पदरावरून सोडवला, घडी घातली आणि मुकादमाच्या हातात दिला. चोरी केल्यासारखी.

सगळ्या बाया माझ्याकडं बघत होत्या. रागानं नाही. नुसत्या बघत होत्या. ते जास्त वाईट.

काम गेलं म्हणजे सुकडी गेली. केवळाला आधीच दूध कमी होतं. मी माझ्या सुकडीतली अर्धी द्यायचे. पण माझीही दोन लेकरं होती. आणि माप माझंच, ते पुरं करताना मला रोज मरायची वेळ यायची. साहेबांपुढं मी पाहुणा आल्यासारखं केलं होतं. पाहुणा एक दिवस असतो. एक दिवसाचं रोज मागितलं तर माणूस संपतो.

रात्रंदिवस मी एकच हिशोब लावत होते. पाटलानं पाणी मारलं तो पाटीलच होता, त्याच्याकडून दुसरं काय. पण मला पारड्यात बसवलं ते मऊ बोलून. आणि मी केस विंचरून गेले. घोड्याची शेपटी विंचरून बाजारात नेतात तशी. फरक एवढाच की मी मलाच नेलं.

पंधरा दिवसांनी जीप परत आली. पहिली मोजणी बरोबर आहे का हे बघायला दुसरी करायची होती. साहेबांनी घड्याळ काढलं आणि हाक मारली, "सतरा नंबर!"

मी ऐकलं. हलले नाही.

"सतरा नंबर? बाई, तुम्हीच ना?"

"मला नाव हाय, साहेब."

ते हसले. वाईट माणूस नव्हता तो, हे मी आजही म्हणते. "नावं लिहायची नसतात, बाई. नियम आहे. तुमच्याच भल्यासाठी."

"वजन लिव्हायचं अन् नाव न्हाई?"

मुकादम पुढं आला. "ए, जल्दी कर. साहेबांचा टाइम जाऊन राह्यला."

"जाऊ द्या," मी म्हणाले. "साहेब, एक लिहून घ्या. अठरा नंबरची पाटी हलकी व्हती. ती कामचोर न्हाई. वीस दिसांची बाळंतीण व्हती. तिची माती आम्ही वाह्यली, आमच्या पाटीत. खड्डा कमी भरला व्हता का, मुकादमाला इचारा. आन् आम्ही त्या दिवशी पळालो ते तुमच्यासाठी. तुम्ही पाहुणे म्हून. आम्ही रोज तसं पळत न्हाई. कुणीच पळू शकत न्हाई."

साहेबांनी कागद उलटा केला, सुलटा केला. खरंच शोधत होते. मग म्हणाले, "बाई, याला रकाना नाही."

"पाटलानं पारड्यावर पाणी मारलं, त्याला हाय?"

साहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"त्याला बी न्हाई म्हना की," मागून भागाबाई म्हणाली.

मी खड्ड्यात उतरले. पाटी भरणारा माझा नवरा होता. मी त्यांना एवढंच म्हणाले, "हलकी भरा."

त्यांनी मुकादमाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मग दोन खोरी माती टाकली आणि खोरं टेकवलं. मी पाटी डोक्यावर घेतली आणि चालले. पळाले नाही. बाळंतीण चालते तशी चालले, एक पाय, मग दुसरा. घड्याळाजवळून गेले. टक्‌ आवाज आला. मी पाळीवर माती टाकली आणि तशीच परत आले.

माझ्यामागं भागाबाई उभी होती. "मला बी हलकी," ती म्हणाली. तिच्यामागची म्हणाली, मला बी. सगळ्या टोळीनं दोन-दोन खोरी घेतली. सगळ्या रांगेत, सावकाश.

मुकादम ओरडला, "हे काय लावलंय?"

"मुकादम, पाटीत बघू नका," भागाबाई म्हणाली. "आम्ही समद्या बाळंत झालो."

"म्हातारे, तुझं वय काय!"

"म्हून तर जड गेलं."

खड्ड्यातले बाप्येसुद्धा हसले. मी हसले नाही. मला हसायचं नव्हतं. साहेबांनी घड्याळ खिशात घातलं, जीपमध्ये बसले, गेले.

त्याचं पुढं काय झालं तेही सांगते, नाही तर ही जिंकल्याची गोष्ट वाटेल. दुसऱ्या दिवशी माझं, माझ्या नवऱ्याचं आणि भागाबाईचं नाव हजेरीतून काढलं. केवळाला परत घेतलं नाही. आम्ही चालत जाफराबादच्या बाजूला गेलो, रस्त्याच्या कामावर खडी फोडली. केवळाची मुलगी चार महिन्यांची होऊन गेली. दुष्काळ होता, लेकरं जात होती, मी कुणा एकावर ढकलत नाही. पण त्यात माझ्या खेपा आहेत. मी केवळाला तसं सांगितलं. ती म्हणाली, "आक्का, तुला कुठं ठावं व्हतं." ते खरं आहे. ते पुरेसं नाही.

पुष्कळ वर्षांनी आमच्यातल्या एका मास्तरांना जालन्याला जुन्या कपाटात ते पुस्तक सापडलं. फौंडेशननं छापलेलं. सगळं इंग्रजीत. फोटो पाहून त्यांनी माझ्याकडं आणलं. पारड्यात बसलेली, पदर दातात. मास्तरांनी खालच्या ओळीचा अर्थ सांगितला: सर्वांत कार्यक्षम स्त्री-मजूर, क्रमांक सतरा. फोटोत पाणी नव्हतं. ते नंतर ओतलं ना.

मी म्हणाले, "मास्तर, दुसऱ्या मोजणीचं काय लिव्हलंय?"

त्यांनी पानं उलटली. बराच वेळ शोधलं. शेवटच्या पानाच्या तळाला बारीक अक्षरात एक ओळ होती: मजुरांनी सहकार्य न केल्यामुळे दुसरी मोजणी होऊ शकली नाही.

त्या अख्ख्या पुस्तकात आम्ही केलेलं तेवढंच एक काम बरोबर लिहिलेलं आहे.

अजूनही माणसं येतात. कागद, पेन, मऊ बोलणं. चूल कशावर, पाणी कुठून, किती तास काम. मी त्यांना बसायला टाकते, चहा करते. ती सवय जाणार नाही. पण आधी हात पुढं करते आणि कागद मागते. चौथी शिकलेली आहे, वेळ लागतो, लागू दे. शेवटच्या रकान्यापर्यंत वाचते. आमचं सांगणं लिहायला त्यात जागा नसली तर कागद परत देते. एक अक्षर सांगत नाही. माझ्या सुनांनाही मी हेच सांगून ठेवलं आहे, आणि तराजूत फक्त धान्य बसतं हेही.

पुस्तकात त्या बाईचं नाव नाही. वजन आहे, खेपा आहेत, फोटो आहे. सतरा नंबर. ती मी.