भूक नावाची माहेरवाशीण

वत्सलामावशी सिगारेट ओढायच्या तेव्हा त्यांचा एक पाय घरात असायचा आणि एक बाहेर. मागचं दार अर्धवट उघडं, अंगात त्यांच्या वारलेल्या यजमानांचा गुडघ्यापर्यंत येणारा निळा जाड कोट, पार्का, बाहेरच्या पायात रबरी बूट आणि आतल्या पायात लोकरीचा मोजा. तोंड बर्फाकडे, बोलणं माझ्याशी, कारण मी आत ओट्याशी पोळ्या लाटत असायची. "घरात देव आहेत म्हणून धूर बाहेर," त्या म्हणायच्या, "आणि घरात तू आहेस म्हणून मी आत. पूर्ण बाहेर गेली तर तू पोळी जाळशील."

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हबकलेच. आमच्या तासगावकडं म्हाताऱ्या बायका मशेरी लावतात, तपकीर ओढतात. पण कपाळावर टिकली, इथल्या मराठी मंडळात सगळ्यांच्या पुढं उभं राहून आरती म्हणायची, आणि मागच्या दारात सिगारेट, असलं माणूस मी बघितलं नव्हतं. मंडळातल्या कुणालाही हे माहीत नव्हतं. बाहेर निघताना त्या दोन लवंगा दाढेखाली धरायच्या आणि मला दम द्यायच्या, "कुठं बोलशील तर बेसमेंटचं भाडं वाढवीन."

भाडं त्यांनी कधीच वाढवलं नाही. मी आठवीतून शाळा सोडलेली. नवरा कॅनडात केंब्रिजला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात लागला आणि मी त्याच्या मागून आले. त्यांच्या बेसमेंटमध्ये आम्ही राहायचो. मावशी मूळच्या नागपूरच्या, हॉस्पिटलच्या लॅबमधून रिटायर झालेल्या. घरी बसवत नाही म्हणून पुण्याहून कामाला आलेल्या पोरांना डबे द्यायच्या आणि पोळ्या माझ्याकडं होत्या. माझा स्वभाव आधीच धास्तीखोर. गॅसचं बटण तीनदा बघायची, बसमध्ये उतरायची दोरी दुसरं कुणी ओढेल म्हणून वाट बघायची. कुणी इंग्रजीत काही विचारलं की मी नुसती मान हलवायची. एकदा दुकानात अशीच मान हलवून मी नको ते मोठं खोकं घरी घेऊन आले, तेव्हा मावशींनी मला समोर बसवलं. "हे बघ शोभे, न समजता हो म्हणायचं नाही. म्हणायचं, कॅन यू से दॅट अगेन, प्लीज. म्हण." मी म्हटलं. "मोठ्यानं." मी मोठ्यानं म्हटलं. "हां. आता या देशात तुला कोणी खाणार नाही." त्या एका वाक्यावर मी आजवर निभावलंय.

त्या स्वतः मात्र जेवायच्या नाहीत. पोरांसाठी भाज्या, वरण, कधी झुणका, सगळं रांधायच्या आणि स्वतःच्या ताटात दोन घास. वर काळा चहा, वर सिगारेट. मी म्हणायची, मावशी, जेवा हो. त्या म्हणायच्या, "भूक म्हणजे माहेरवाशीण गं. आली तर लाड करावेत. पण ही मेली दारातच उभी असते ना, तिला परस्पर सांगते, घरी कोणी नाही." ही मेली म्हणजे बोटातली सिगारेट. हसता हसता त्यांना खोकला यायचा आणि बराच वेळ थांबायचा नाही. मी लाटणं खाली ठेवून नुसती बघत राहायची.

दोन हजार अकराच्या हिवाळ्यात त्यांची लेक अंजली टोरोंटोहून आली. बँकेत नोकरी, मराठी सगळं कळायचं, उत्तर इंग्रजीत. तिनं पेनासारखी एक काळी नळी, ई-सिगारेट, टेबलावर ठेवली. "मॉम, जस्ट ट्राय इट. नो स्मोक, ओन्ली व्हेपर."

"बाप्पा! हे काय, पिपाणी?"

"मॉम, आय डोन्ट वॉन्ट टू लूज यू."

मावशींनी नळी उचलली, ओढली, आणि ठसका लागून डोळ्यांत पाणी आलं. "व्हॅनिला? हलवायाच्या दुकानाला आग लागल्यासारखं वाटून राहिलं." मग अंजलीनं नळीत भरायच्या द्रवाची, पुदिन्याच्या वासाची बाटली आणली. दुकानात बिननिकोटिनच्या बाटल्या उघड मांडलेल्या असायच्या आणि निकोटिनच्या मागितल्या तरच आतून काढून द्यायचे, असं ती सांगायची. मावशींनी जोरकस बाटलीपासून सुरुवात केली. ठरलं असं की हळूहळू निकोटिन पातळ करत न्यायचं.

पहिले काही दिवस फार वाईट गेले. पिपाणी हातात असूनही जेवण झालं की त्यांचे पाय मागच्या दाराकडं वळायचे. पार्का घालून, बूट चढवून त्या दारात उभ्या राहायच्या. "मावशी, त्याला बाहेर जावं लागत नाही," मी म्हणायची. "मला माहीत आहे, पायांना माहीत नाही." चिडचिड इतकी, की एका पोराचा डबा त्यांनी बिनझाकणाचाच पाठवला. आणि पिपाणी दिवसभर ओठात. एकदा तिच्याकडं बघत म्हणाल्या, "सिगारेटला शेवट असतो गं. जळून बोटाशी आली की कळतं, पुरे. हिला शेवटच नाही. ही तर बोलक्या शेजारणीसारखी, उठतच नाही."

पण खोकला कमी झाला. बेसमेंटचा जिना त्या न थांबता चढू लागल्या. आणि एक दिवस मी खाली नवऱ्यासाठी फोडणी टाकली, तर वरून ओरडल्या, "शोभे, हिंग जास्त झाला!" मी जिन्यात थबकले. इतकी वर्षं त्यांना शेजारच्या खोलीतलाही वास येत नव्हता.

त्याच आठवड्यातली गोष्ट. बर्फ पडून गेलं होतं आणि ड्राइव्हवे शोव्हल करायला, म्हणजे फावड्यानं बर्फ ओढायला, त्या निघाल्या. पार्काची झिप वर ओढताना त्यांचं नाक कॉलरला लागलं आणि हात तिथंच थांबले. त्यांनी कॉलर पुन्हा हुंगली, मग बाही, मग आतलं अस्तर. मला वाटलं उंदीरबिंदीर शिरलाय.

"शोभा, याला कसला वास येतो?"

मी काय सांगणार? मला पहिल्या दिवसापासून येत होता. "सिगारेटचा, मावशी."

त्या पायरीवर बसल्या. "हे गेल्यापासून मी हा धुतला नाही. वाटायचं, यांचा वास राहिलाय यात. दारात उभी राहिली की वाटायचं, हे मागं उभे आहेत." मग म्हणाल्या, "यांनी तर जन्मात सिगारेटला हात लावला नाही. इतकी वर्षं मी माझ्याच वासाला धरून बसली होती." त्या दिवशी ड्राइव्हवे मी साफ केला. पार्का मात्र त्यांनी धुतला नाही, खुंटीवर परत लावला.

उन्हाळ्यापर्यंत बाटली बरीच पातळ झाली आणि माहेरवाशीण घरी आली. काय थाटात आली! मावशी तव्याशेजारी उभ्या राहून गरम पोळीवर तेल-तिखट घालून खायच्या. दुपारी चारला पुन्हा. "आली बघ, बॅगा घेऊन आली," म्हणायच्या. ब्लाउज उसवून घेतले. गालावर चमक आली. माझ्या धास्तीखोर जिवाला सुद्धा तेव्हा स्वस्थ झोप लागायची.

मंडळाच्या गणपतीचा नैवेद्य दरवर्षी त्यांच्याकडं असायचा. नैवेद्याला मीठ चाखून बघायचं नाही. देवाआधी जिभेला काही लावायचं नाही, त्यामुळं सगळी मदार हातावर. आणि मावशींच्या हाताला धुरानं बधिर झालेल्या जिभेनं शिकवलेलं. म्हणून त्यांच्या नैवेद्याच्या पंगतीत लोक भरपूर पाणी प्यायचे. बोलायचं कुणी नाही. त्या वर्षी पहिला घास घेतल्यावर मंडळातले देशपांडेकाका क्षणभर थांबले, मग दुसरा घेतला आणि पाण्याचा ग्लास लांब सारून बायकोला म्हणाले, "अगं, यंदा आमटी आमटीसारखी लागतेय." मावशींनी ऐकलं. परत येताना गाडीत मला म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं मी बाप्पाला समुद्र पाजत होती? आणि कोणी मेल्यानं सांगितलं नाही!" हसून हसून त्यांना गाडी बाजूला घ्यावी लागली. त्या हसण्यात खोकला नव्हता. मला ते हसणं अजून ऐकू येतं.

झाडांची पानं गळून गेली त्या सुमाराला माहेरवाशीण गेली. आधी चारची पोळी सुटली. मग ताटात पुन्हा दोन घास. ब्लाउज पुन्हा सैल. अंजलीला फोनवर कळलं तेव्हा तिनं सरळच विचारलं, "मॉम, आर यू स्मोकिंग अगेन?" फोन स्पीकरवर होता. मावशी माझ्याकडं बघत म्हणाल्या, "हिला विचार. माझा वास हिलाच येतो." मी म्हणाले, नाही हो ताई, नाही ओढत. आणि खरंच ओढत नव्हत्या.

मग आम्ही सगळ्यांनी मिळून दोष पिपाणीला दिला. मंडळातल्या नव्हे, घरातल्या सगळ्यांनी: अंजलीनं, मी, स्वतः मावशींनी. निकोटिन भूक मारतं हे लॅबवाल्या बाईला आम्ही काय सांगणार? त्याच म्हणाल्या, "दिवसभर ओढते ना, तेच पोटात जाऊन बसलंय. बाटली अजून पातळ करते. बघ, परत येते की नाही." बाटली पातळ झाली. भूक आली नाही. अजून पातळ झाली. शेवटी बिननिकोटिनची आणली. माझ्यावर ओरडायच्या, मग जवळ घ्यायच्या. मी रोज गरम पोळीवर तेल-तिखट घालून पुढं ठेवायची, आणि ती गार व्हायची. ख्रिसमसचे दिवे लागण्याच्या दिवसांत एका सकाळी त्यांनी पिपाणी पुसली, डबीत घातली आणि ओट्यावर ठेवली.

"सुटलं, शोभे. नुसती पुदिन्याची वाफ आहे, तिचीही गरज नाही आता."

मी टाळ्या वाजवल्या. आयुष्यभराचं व्यसन सुटलं होतं, कुणीही वाजवल्या असत्या. मावशी मात्र समोरच्या गार पोळीकडं बघत होत्या. "आता दारात अडवणारी कोणी नाही," त्या हळूच म्हणाल्या. "तरी ती येत नाही. आता दोष कोणाला द्यायचा, सांग?" आणि त्याच दिवशी त्यांनी डॉक्टरांना फोन केला.

तपासण्या झाल्या. निकालाच्या दिवशी अंजली आणि मी दोघी बरोबर होतो. डॉक्टर तरुण होता, सावकाश बोलत होता. फुप्फुसात आहे, पसरलंय, ही गाठ पिपाणीच्या बरीच आधीपासूनची असावी, असं काहीसं मला तुकड्यातुकड्यानं कळलं. सोडल्यानं नक्कीच फायदा झाला, पण उशीर झाला होता. बोलणं संपल्यावर मावशींनी पर्स मांडीवर सरळ केली आणि म्हणाल्या, "कॅन यू से दॅट अगेन, प्लीज?"

चाळीसेक वर्षं या देशातल्या डॉक्टरांबरोबर काम केलेल्या बाईला इंग्रजी कळत नव्हतं असं नाही.

त्यांना घरीच राहायचं होतं, त्या घरीच राहिल्या. अंजलीनं रजा घेतली. सगळ्यांत चमत्कारिक म्हणजे त्यांना सिगारेटची आठवण येत नव्हती. अंजलीच एकदा रडवेली होऊन म्हणाली, "मॉम, इफ यू वॉन्ट वन, आय'ल गेट इट." मावशी म्हणाल्या, "नको गं. इतक्या मेहनतीनं नाक परत मिळवलंय. जाताना तुझ्या केसांचा वास घेऊ दे." अंजली तिथून उठून वॉशरूममध्ये गेली आणि बराच वेळ नळ वाहत राहिला.

हिवाळा सरता सरता एका लख्ख, कडाक्याच्या सकाळी त्या म्हणाल्या, मला दारात उभं कर. आम्ही दोघींनी धरून नेलं. पार्का घातला, त्यात त्या लहान मुलीसारख्या दिसत होत्या. बाहेरच्या पायात बूट, आतल्या पायात मोजा. त्यांनी बाहेर श्वास सोडला, पांढरी वाफ हवेत गेली. मान जराशी माझ्याकडं वळवली. "बघ शोभे. फुकटची पिपाणी." मग म्हणाल्या, "तू जेवलीस का?" मी नुसती मान हलवली. "न समजता मान हलवू नको," त्या म्हणाल्या. "जेवलीस का, विचारलं." नाही, मी म्हटलं. "मग जेव. तुझ्याकडं ती अजून येते. तिला दारात उभी ठेवू नको."

मार्चमध्ये त्या गेल्या. घर आवरताना अंजली पार्का देऊन टाकायच्या पिशवीत घालत होती. मी म्हटलं, ताई, तो मला द्या. तिनं तो पिशवीतून परत काढला. मग प्रथमच मराठीत म्हणाली, "घे. धुऊ नकोस."

आता नैवेद्य माझ्याकडं असतो. मीठ घालताना हात दोनदा थांबतो, मग कुणीतरी मागून पुरे म्हटल्यासारखा आवरतो. हिवाळ्यात मी तोच पार्का घालते. कामं उरकून कधी मागच्या दारात उभी राहते, कारण नसताना, एक पाय आत, एक बाहेर, आणि वाफ सोडून बघते. भूक लागली की लगेच आत येऊन जेवते, ताट वाढून, बसून. कॉलरला अजून धुराचा वास आहे, असं मला वाटतं. परवा इथंच जन्मलेल्या माझ्या लेकीला हुंगायला दिली.

"आई," ती म्हणाली, "इट जस्ट स्मेल्स लाइक फोडणी."