हसायचं नाही

दुपारचं जेवण उरकून सोमावती चटईवर लवंडते. समुद्राची गाज ऐकता ऐकता डोळा लागतो न लागतो, तोच कोपऱ्यातून पटाशीची ठकठक येते. कोपऱ्यात कोण असणार? तिचा नवरा गुणपाल तर गेल्या वर्षीच गेला.

तो मुखवटे कोरायचा, रोगराई आणणाऱ्या राक्षसांचे. लंकेतल्या त्यांच्या गावात माणूस आजारी पडला की मांत्रिक येतो. तो आजार आणणाऱ्या राक्षसाचा मुखवटा चढवून रोग्यापुढे नाचतो, नाही नाही ते चाळे करतो. रोगी खळखळून हसला की राक्षसाला निघावंच लागतं.

“एकट्या बाईवरच राक्षसांची नजर पडते गं. बोलाव मांत्रिकाला,” शेजारीण चंद्रलता कधीची मागे लागली आहे. सोमावती दाद देत नाही. आपल्याकडे कोण येतं ते तिला ठाऊक आहे.

आता तो दारात उभा आहे. मुखवट्याचे बटबटीत डोळे, वाकडं नाक, अंगभर ओला पिवळा रंग. पण आत येताना उजवा पाय गुणपालसारखाच ओढतो.

“अहो, जेवलात?”

“तुझा भात करपलेला. तिथवर वास आला.”

सोमावती ओठ गच्च मिटते. हसायचं नाही. हसलं की हा गेलाच.

चटईखाली वाळू आहे. घर कुठलं, हा तर बस स्टँड. बाकांवर मुखवटे तिकिटं धरून बसलेत आणि गुणपाल त्यांच्यापुढे नाचतोय. जन्मात कधी न नाचलेला माणूस! कमरेवर हात ठेवून तो थेट तिच्याच आवाजात ओरडतो, “रंगाचे हात माझ्या पदराला पुसू नका म्हणून किती वेळा सांगायचं!”

“नका हो,” ती रडकुंडीला येते. “मी हसले तर तुम्ही जाल. मग बोलू कुणाशी?”

“चंद्रलतेशी. रोज दार वाजवते बिचारी, नि तू कडी लावून बसतेस.”

“किती बडबडते ती!”

“आणि मी?”

“तुम्ही? जिवंत होतात तेव्हा दिवसदिवस तोंड उघडलं नाहीत. मेल्यावर बरं बोलायला सुचतंय!”

मुखवट्याआड तो फिस्सकन हसतो. मग तिलाही आवरत नाही. पोट धरधरून ती हसत सुटते.

हसता हसताच जाग येते. “अहो?” कोपरा रिकामा. तिला रडू फुटतं. डोळे पुसायला ती पदर उचलते, तर पदरावर पिवळी पाच बोटं, अजून ओली.

दार वाजतं. “सोमा, एकटीच काय हसतेस गं एवढी?”

सोमावती पदर मुठीत धरते, उठते, आणि कडी काढते.