अनसूयाताईंचा आवाज

डबिंगच्या बूथमध्ये दुसरीच बाई उभी होती.

मी काचेच्या अलीकडे, ती पलीकडे माइकसमोर. वय पंचवीसच्या आसपास, कानाला हेडफोन, हातात कागद. समोरच्या मॉनिटरवर आमच्या मालिकेतली मोठी काकू बांधावर उभी राहून ओठ हलवत होती, आणि ही मुलगी त्या ओठांवर आपली वाक्यं बसवत होती.

"मी माझी जमीन मुळीच देणार नाही."

मोठी काकू असं बोललीच नव्हती. ती म्हणाली होती, "जमीन माजी हाय. नाय देनार." तो सीन मीच शूट केला होता. त्या वाक्याला माझ्या अंगावर काटा आला होता.

स्टुडिओ उल्हासनगरात, तीन नंबर कॅम्पला, कापडाच्या दुकानाच्या वर. मालक आणि साउंड रेकॉर्डिस्ट एकच, लच्छूभाई. मी त्यांना विचारलं, "हे काय चाललंय?"

"चॅनलवाले टेप लेके आए थे, मॅडम. बोले, काकू का पूरा आवाज बदलना है, चारों एपिसोड. कल से चालू है." मग माझ्याकडे बघून ते अडखळले. "मेरे को लगा, आपको मालूम है."

मला मालूम नव्हतं. मी त्या मालिकेची दिग्दर्शक होते आणि निर्मातीही होते.

डबिंग म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. आउटडोअर शूटिंगमध्ये कधी मागून नको तो आवाज येतो. मग खराब झालेले डायलॉग त्याच नटाकडून स्टुडिओत पुन्हा बोलून घ्यायचे आणि ओठांशी जुळवायचे. आम्ही बदलापूर गावात शूट करत होतो. शेजारची भाताची गिरण मध्येच सुरू झाली आणि काकूची सात-आठ वाक्यं खराब झाली. तेवढ्यासाठी मी आले होते. दुपारी चारला अनसूयाताई येणार होत्या.

अनसूयाताई म्हणजे आमची मोठी काकू. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होत्या. राहायला बदलापूर गावात, घरची भातशेती. कामगारांच्या नाट्यस्पर्धेत मी परीक्षक होते, तिथे त्यांना पहिल्यांदा पाहिलं. रोल दोन पानांचा होता, पण त्या स्टेजवर आल्या की बाकीचे दिसेनासे व्हायचे. पुढे कारखान्यांसाठी जमीन गेलेल्या एका घराची तेरा भागांची मालिका मला मिळाली, तेव्हा मोठ्या काकूसाठी मी दुसऱ्या कुणाचा विचारही केला नाही. काकूचे डायलॉग मी लिहायचे आणि त्या दुरुस्त करायच्या. "असा कोन बोलतंय?" म्हणायच्या. त्यांचंच बरोबर असायचं.

मी लच्छूभाईंच्या टेबलावरून चॅनलला फोन लावला. नव्वदच्या दशकाचा शेवट होता. खासगी मराठी वाहिन्या नुकत्याच आल्या होत्या आणि आम्हा सगळ्यांना त्यांचं अप्रूप होतं. प्रोग्रामिंगच्या साहेबांनी फोन घेतला. नाव सांगत नाही.

"मला न विचारता माझ्या नटीचा आवाज काढला?"

"मॅडम, चिडू नका. पहिले चार भाग पाहिले. फार गावंढळ वाटते हो ती बाई. लोकांना कळणार नाही."

"कळणार नाही, की आवडणार नाही?"

"दोन्ही एकच. आपल्याला स्वच्छ मराठी हवी."

"ती शेताच्या बांधावर उभी आहे, साहेब. ती बोलते ते मराठीच आहे. मी त्याच मराठीत वाढले."

"पण तुम्ही आता तसं बोलत नाही ना?"

मला भयंकर राग आला. त्यांनी शांतपणे पुढचं सांगितलं. हाच आवाज राहणार. मान्य नसेल तर शुक्रवारी टेप देऊ नका, स्लॉट दुसऱ्या मालिकेला जाईल. स्लॉट म्हणजे आठवड्यातली आमची ठरलेली वेळ. ती गेली की मालिका गेली. माझ्या युनिटमध्ये बावीस माणसं होती, आणि निम्म्यांनी माझ्या शब्दावर दुसरी कामं सोडली होती.

मी म्हटलं, "ठीक आहे."

त्या दोन शब्दांचा राग मला अजून येतो. साहेबांच्या सगळ्या बोलण्यापेक्षा जास्त येतो.

चार वाजता अनसूयाताई आल्या. कंपनीच्या निळ्या साडीतच होत्या. फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर तशाच निघाल्या होत्या. ती मुलगी तोवर गेली होती.

"चला, कुठं उभी राऊ?"

"ताई, आज मशीन बिघडलंय," मी म्हणाले. लच्छूभाई खाली मान घालून एक वायर गुंडाळत बसले. ती वायर आधीच गुंडाळलेली होती.

"मंग परत येन," म्हणून त्या गेल्या.

पहिला भाग मंगळवारी दाखवला. सांगायला माझ्याकडे तोपर्यंत चार दिवस होते. मी सांगितलं नाही.

गुरुवारी बदलापूर गावात सहाव्या भागाचं शूटिंग होतं. मी ट्रॉलीचे रूळ टाकून घेत होते. ट्रॉली म्हणजे कॅमेऱ्याची गाडी. अनसूयाताई थेट माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तुमाला ठाव व्हता?"

"हो."

"आन मना सांगला नाय."

"नाही सांगितलं."

"मंगलवारी आख्खा शेजार माज्या घरी बसलेला. माजे सासूला दिसत नाय. ती टीव्हीला कान लावून व्हती. सगला सरला तरी इचारते, आपली अनसूया कवा येल? मी तिला काय सांगू, बाय?"

एरवी त्या मला मॅडम म्हणायच्या. आजूबाजूची माणसं हातातलं काम थांबवून बघत होती. मी चॅनलचं नाव घेतलं, स्लॉटचं सांगितलं, बावीस माणसांचं सांगितलं. बोलता बोलता मलाच माझा आवाज साहेबांसारखा वाटायला लागला.

"मेकप करून येते," एवढंच बोलून त्या गेल्या.

सीन असा होता. मोजणीचा अधिकारी साखळी घेऊन शेतात येतो. मोठी काकू बांधावर त्याला अडवते आणि सुनावते. पाऊणएक पानाचा डायलॉग, अर्धा त्यांनीच सांगितलेला. अधिकाऱ्याच्या कामाला मुंबईहून आलेले जुने, मुरलेले नट होते.

"रोल. ॲक्शन."

नट आले, त्यांनी वाक्य घेतलं, "बाई, बाजूला व्हा. सरकारी मोजणी आहे." आता अनसूयाताईंचं वाक्य. त्या बोलल्या नाहीत. मला वाटलं, विसरल्या. असिस्टंटनं हळूच प्रॉम्प्ट केलं. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. ओठ घट्ट मिटलेले. त्या अधिकाऱ्याकडे बघत राहिल्या.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ओठ हललेच नाहीत, तर दुसऱ्याचे शब्द बसवायचे कशावर?

कट म्हणायला माझं तोंड उघडलं होतं. मी ते मिटलं.

मुंबईच्या नटांनीही ओळखलं. त्यांनी सीन सोडला नाही. "बाई, कागद आहे माझ्याकडे," म्हणाले. उत्तर नाही. "बाजूला व्हा, सांगतोय ना." उत्तर नाही. अनसूयाताई खाली वाकल्या. साखळीचं जमिनीवर पडलेलं टोक त्यांनी उचललं, नटांच्या हातात दिलं आणि त्याच जागी मांडी घालून बसल्या. नट बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी चष्मा काढला आणि वळून चालायला लागले.

"कट."

मी दुसरा टेक घेतला नाही. त्या दिवसाचे त्यांचे उरलेले दोन सीनही तसेच झाले. एक शब्द नाही. संध्याकाळी साडी बदलून त्या घरी गेल्या.

सहावा भाग मी तसाच एडिट केला. त्यात साहेबांना बदलायला काही नव्हतंच. पुन्हा शूट करायला पैसे नव्हते, त्यामुळे चॅनलला तीच टेप पाठवली. मी भांडणाची तयारी करून फोनजवळ बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला.

"मॅडम, काय सीन केलाय! बघा, मी म्हणत होतो ना? बाई बोलली नाही की किती सुंदर काम करते!"

मी फोन आपटला. आयुष्यात पहिल्यांदा कामाचा फोन असा आपटला. त्यानं काही झालं नाही. त्यांना वाटलं, लाइन तुटली. त्यांनी परत फोन करून उरलेलं कौतुक पूर्ण केलं.

पुढच्या शूटिंगला अनसूयाताई आल्या नाहीत. निरोपही नाही. मी त्यांच्या कंपनीच्या गेटवर शिफ्ट सुटायच्या वेळी जाऊन उभी राहिले. माफी मागितली. साहेब काय म्हणाले तेही सांगितलं, लपवाछपवी पुरे झाली होती म्हणून.

त्या हसल्या. "मंग मेल्यावं आनखीच चांगला काम करीन मी."

"ताई, परत या. मी भांडेन."

"आता भांडशील. त्या दिशी मशीन बिगाडली व्हती." पिशवी खांद्यावर टाकून त्या स्टेशनच्या रस्त्याला लागल्या. मी मागे गेले नाही. जायला तोंड नव्हतं.

मोठ्या काकूला मी कथेत माहेरी पाठवलं. ती उरलेल्या सात भागांत परतली नाही. चॅनलनं दुसरी नटी सुचवली, ती मी घेतली नाही. एवढं एकच मी नाकारलं, आणि त्याला फार उशीर झाला होता. मालिका तेराव्या भागाला ठरल्याप्रमाणे संपली. माझं कुठंही काही बिघडलं नाही.

मग मी चॅनलचं ॲग्रीमेंट काढून पहिल्यांदा नीट वाचलं. आवाज बदलायचा हक्क त्यांना होता. अकराव्या पानावर. खाली माझी सही होती.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक ॲग्रीमेंटमध्ये मी एक ओळ टाइप करून घेते, नटाच्या संमतीशिवाय त्याचा आवाज बदलता येणार नाही. या ओळीवरून दोन मालिका हातच्या गेल्या. समोरची माणसं म्हणाली, बाई फार अटी घालते. म्हणू देत. सही करण्याआधी बोललं तर त्याला अट म्हणतात. नंतर बोललं तर तमाशा म्हणतात, आणि ऐकत कुणीच नाही.