आमच्या गावदेवीची हद्द

आमच्या गावात कुणी लांबच्या वाटेला निघालं, की आधी गावदेवीपुढं नारळ ठेवायचा आणि सांगायचं, "आई, तुझी हद्द ओलांडते, सुखरूप परत आण." गावदेवी गावाची, तिची हद्द ठरलेली. सासूबाई सांगायच्या, मिठागराच्या बाहेरच्या बांधापर्यंत आईचं राज्य. त्याच्या पलीकडं खाडी आणि दुसऱ्यांचे देव. आता ते मिठागर राहिलं नाही. खाडीकडं भराव पडला, त्यावर कंटेनर उभे राहिले, आणि बाहेरचा बांध नेमका कुठं गाडला गेला हे सांगायलाही जुनं माणूस शोधावं लागतं. पेरूला निघायच्या दिवशी मी देवळात उभी राहिले आणि तोंडातून शब्द फुटेना. बांधच नाही, तर मी ओलांडतेय काय? आणि जिची हद्द आपल्याच गावात पुसली गेली, ती आई पृथ्वीच्या पार पलीकडच्या अंगाला माझ्यामागं येणार कशी? नारळ ठेवला, पण मन काही ठेवलं गेलं नाही. खरं सांगते, रागच आला होता मला तिचा.

तुम्ही म्हणाल, मिठागरातल्या बाईला पेरू कुठून आठवला! तो आठवला आमच्या मालकांना. मालक म्हणजे माझे यजमान. जन्मभर ट्रक चालवला, आता मुलगा गाड्यांचा धंदा बघतो आणि हे घरी बसून नातीचे लाड करतात. नातीला शाळेत इंका लोकांवर काहीतरी करून न्यायचं होतं. तर या माणसानं पंधरवडाभर जेवणाचं भान न ठेवता पुठ्ठ्याचं माचू पिचू, म्हणजे पेरूतलं त्यांचं जुनं डोंगरावरचं गाव, उभं केलं. डोंगर, पायऱ्यापायऱ्यांची शेतं, दगडी घरं, सगळं. घरभर डिंक आणि कातरण, माझा नुसता जीव गेला झाडून झाडून. शाळेत कौतुक झालं आणि तेव्हापासून ह्यांनी एकच धोशा लावला, "खरा कसा हाय तो बघाचा हाय मना एकदा." मुलगा बापावर गेलेला. त्यानं दोघांची सहल ठरवूनच टाकली. मी नको नको म्हटलं, पण आतून गुदगुल्या होत होत्या. आमच्या आळीतली कुठली बाई इतक्या लांब गेली होती सांगा!

निघताना शेवटच्या हंगामाचं मीठ बरणीतून काढलं आणि चिमूटभर एका फडक्यात बांधून घेतलं. दृष्ट काढायला परक्या मुलखात आपलं मीठ असावं म्हणून. आमच्यात मिठाचे नियम पुष्कळ. आगरात, म्हणजे मिठागरात, पायताण घालून जायचं नाही, मग तो आगराचा धनी असो की सरकारी साहेब. मीठ कुणाच्या हातावर द्यायचं नाही, भांडण होतं. खाली ठेवायचं, समोरच्यानं उचलायचं. हे नियम कुणी शिकवत नाही, ते अंगातच येतात.

कुस्को नावाच्या शहरात उतरलो आणि हवा पातळ म्हणजे काय ते कळलं. चार पावलं चाललं की धाप. हॉटेलात कसल्याशा पानांचा चहा देत होते, तो मी मुकाट्यानं प्यायले. मालक कसले पितात! "घाट काय मी आज बघतू?" म्हणून मिशीवर हात फिरवला. डोकं दुखत होतं, रात्री डोळ्याला डोळा लागत नव्हता, पण टूरच्या मॅडमनी विचारलं की छान हसून दाखवायचे. मॅडम ठाण्याच्या, पन्नाशीच्या, फार जीव लावून सांभाळणाऱ्या. त्यांनी बजावून सांगितलं होतं, त्रास होत असेल तर लपवू नका, लगेच खाली उतरावं लागतं, कारण खाली हवा दाट आहे. पण त्रास कबूल केला तर आपल्याला माचू पिचूला नेणार नाहीत, अशी या माणसाला धास्ती. मलाही डोळे वटारले. मीही गप्प बसले, कारण त्या पुठ्ठ्यावरचा त्यांचा जीव मी पाहिला होता.

दुसऱ्या दिवशी मोराय नावाची जागा बघायला नेलं. जमिनीत भली मोठी गोल खोलगट जागा, आणि तिच्या कडेनं खालपर्यंत उतरत गेलेल्या गोल गोल पायऱ्या. इंका लोकांची जुनी शेती ती. चारी बाजूंनी बोडके तांबूस डोंगर आणि त्यांच्यामागं बर्फाची शिखरं, इतकी जवळ की हात लावावा. मी बघत राहिले. आणि मागं वळले तर मालक एका दगडावर बसलेले, ओठ जांभळे, श्वास घशाशी अडकलेला. "काय नाय झाला मना," म्हणाले, पण ते वाक्य त्यांना एका दमात पुरं करता आलं नाही.

मॅडमनी धावाधाव करून गाडीतला ऑक्सिजन लावला आणि गाडी खोऱ्याकडं काढली. थोडं पुढं गेलो आणि कच्च्या अरुंद रस्त्यावर एक बस आडवी अडकलेली. तिच्या मागं गाड्यांची रांग, पुढं जायला जागा नाही, आणि आमच्या मागंही दुसऱ्या गाड्या येऊन थांबलेल्या. मॅडम फोनवर फोन करत होत्या. ऑक्सिजनची बाटली सरत आली होती. मालकांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं. जन्मभर स्टिअरिंग धरलेला हात तो, आणि त्याच्यात आता लहान मुलाएवढाही जोर नव्हता. मी कडेच्या डोंगराकडं बघून मनातल्या मनात म्हटलं, "आई, इथं तुझी हद्द नाही हे मला ठाऊक आहे. तुझ्यावर रुसलेही आहे. पण इथं ज्याची कुणाची हद्द असेल, त्याला तेवढा निरोप दे." एवढंच. नवस नाही, काही नाही. नवस बोलायचंही सुचलं नाही.

मग थोडं वारं लागावं म्हणून दार उघडलं आणि खाली नजर गेली. आणि काय सांगू तुम्हाला! खाली दरीत आख्ख्या उतारावर पांढरे, गुलबट वाफेच वाफे, एकाखाली एक, बांधाला बांध लागलेला. त्यांच्यात पाणी चमकत होतं. कडेला मिठाचे ढीग लागले होते. आगर! समुद्र कुठं नि हे कुठं, ढगांच्या शेजारी मिठागर! डोंगराच्या पोटातून खारं पाणी निघतं आणि इंकांच्याही आधीपासून लोक ते अडवून मीठ पिकवतात, हे मॅडमनी नंतर सांगितलं. मला त्या घटकेला फक्त एवढंच कळलं की हे माझं घर आहे. बायामाणसं अनवाणी वाकून मीठ ओढत होती. कुणीतरी लाकडी धोपाटण्यानं वाफ्याचा तळ ठोकत होतं, धप् धप्, आमच्यात हंगामाआधी ठोकतात तसाच. आणि एक गोष्ट मला आपोआप उमजली. मिठाचं पाणी वरून खाली सोडतात, तेव्हा वाफ्यांच्या टोकाला नदी असणार, खोरं असणार, आणि मॅडम म्हणतात ती दाट हवा तिथंच असणार. रस्ता बंद असला म्हणून काय झालं, आगराला कामकऱ्यांची पायवाट असतेच.

मॅडमना मालकांजवळ बसवलं आणि मी उतार धरला. वाफ्यांच्या अलीकडं दोर बांधलेला, त्यावर पाहुण्यांना आत जायला मनाई असल्याची पाटी. ते मला कुठं वाचता येतंय! पण दोरापाशी पोचल्यावर माझे पाय थांबले. मी वाकले, मुलानं घेऊन दिलेले महागाचे बूट काढले, मोजे काढले, बाजूला नीट ठेवले आणि मग दोराखालून आत गेले. माझा माणूस वर श्वासासाठी तडफडतोय आणि मी बुटाच्या नाड्या सोडत बसले होते! आज आठवलं की अंगावर काटा येतो. पण तेव्हा मी ते केलंच नाही, ते झालं. आगरात पायताण घालून पाऊल पडतच नाही माझं.

पहारेकऱ्यानं शिट्टी फुंकली, ओरडत माझ्यामागं आला. त्या आवाजानं वाफ्यात वाकलेली एक बाई ताठ झाली. माझ्याच वयाची, दोन वेण्या, डोक्यावर टोपी, उन्हानं रापलेली. तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलंच नाही. तिनं पाहिले माझे पाय. मीठ खाऊन खाऊन चिरलेल्या टाचा माझ्या, कितीही तेल लावा, त्या भेगा जात नाहीत. मग तिनं आपले पाय पाहिले. आणि हात वर करून त्या पहारेकऱ्याला असं काही सुनावलं की तो जागच्या जागी थांबला. मला तिची भाषा येत नव्हती आणि तिला माझी. मी वर गाडीकडं बोट दाखवलं, छातीवर हात ठेवून धाप लागल्याची नक्कल केली, मग खाली खोऱ्याकडं हात केला. ती बाई दुसरं काही न विचारता हाका मारू लागली.

तिचा भाऊ आणि आणखी दोघं वाफ्यांतून धावत आले. माझ्याबरोबर वर गाडीपाशी आले, रंगीत पट्ट्यांच्या जाड घोंगडीत मालकांना बांधून पाठीवर घेतलं, मिठाची गोणी नेतात तसं. आळीपाळीनं खांदे बदलत, त्यांच्या पायवाटेनं, त्या बांधांच्या कडेकडेनं आम्ही उतरलो. पुढं ती, मागं मी, माझ्यामागं माझे बूट हातात घेतलेल्या मॅडम. निम्म्या वाटेवर ते लोक घोटभर पाणी प्यायला थांबले. त्या बाईनं आधी थोडं पाणी जमिनीवर ओतलं, मान झुकवून काहीतरी पुटपुटली, मग स्वतः प्यायली. माझे हात आपोआप जोडले गेले. खाली उतरता उतरता मालकांच्या ओठांचा रंग बदलायला लागला. नदी दिसू लागली तेव्हा घोंगडीतून आवाज आला, "जल्मभर मी माल वाहिला, आज मीच माल झालो गो." मी रडत होते आणि हसत होते. बाई गं, तो आवाज!

खाली तिच्या पुतण्याचा टेम्पो उभाच होता. खोऱ्यातल्या दवाखान्यात डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, औषध दिलं आणि मॅडमना सांगितलं, वेळेवर खाली आणलंत, थोडा आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं. हे कुणी केलं, कसं केलं, यावर मी वाद घालणार नाही. बस अडकली नसती तर आम्ही खाली पोचलोच असतो, असं कुणी म्हणेल, आणि ते खोटं नाही. मी फक्त माझ्यापुरतं सांगते. निरोप मी पाठवला होता आणि तो पोचला होता.

आणि ऐका, माचू पिचू चुकलं नाही! ते कुस्कोपेक्षा पुष्कळ खाली आहे. दोन दिवस आराम करून, तपासून, डॉक्टरांनीच जा म्हणून सांगितलं. नऊवारी आणि खाली बूट अशा थाटात मी त्या दगडी गावात उभी राहिले. जगभरची माणसं माझ्याबरोबर फोटो काढायला येत होती, आणि मी कशाला लाजू? मालक मात्र फोटो-बिटो सोडून भिंतीच्या सांध्यावरून बोटं फिरवत होते. चुना नाही, सिमेंट नाही, दगडाला दगड असा बसवलेला की नख शिरू नये. बराच वेळ ते सगळं न्याहाळून गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "माझ्या पुठ्ठ्यान पायऱ्या चुकल्यान. घरी जाऊन परत कराचा." ज्या माणसाला पुन्हा घर दिसेल की नाही याची भीती होती, तो घरी जाऊन करायचं काम काढत होता.

परतताना मॅडमना गळ घातली आणि मिठागराच्या खालच्या टोकाला गाडी थांबवली. ती बाई आली. हुआना तिचं नाव. मी माझं फडकं सोडून आमच्या शेवटच्या हंगामाचं मीठ तिच्यापुढं बांधावर ठेवलं, रीतीप्रमाणं. तिनं चिमूट उचलून जिभेवर ठेवली, डोळे मिटले, आणि मान डोलावली. हे मीठ पिकवणारं आगर आता नाही, हे मॅडमनी तिला सांगितलं असावं, कारण तिनं मला जवळ घेतलं. मग खाली वाकून तिनं ओंजळभर ओलं, गुलबट मीठ उचललं आणि सरळ माझ्या हातावर ठेवलं. मी हात मागं घेणार होते. नाही घेतला.

गावी आले ती पहिली गावदेवीकडं. सूनबाई बरोबर होती. मी ते मीठ काढलं आणि आईच्या पुढं न ठेवता तिच्या हातावरच ठेवलं. सून दचकली, "अहो आई, हातावर मीठ! भांडण होतं ना?"

म्हटलं, "होऊ दे बाय. माझी आई आहे ती. तिच्याशी नाही भांडणार तर कुणाशी भांडू?" आणि तिथंच, तिच्या पायाशी, मी पोटभर रडून घेतलं.