हायवेवरची अस्वलं

आमच्या राजेश्वर गावासमोरचा हायवेच्या डिव्हायडरमधला कट बंद करायचं रस्त्याच्या ऑफिसनं ठरवलं, तेव्हा मी बीदरच्या कॉलेजात नेमकं हेच शिकवत होतो: व्हिडिओतला चालता माणूस मशीननं कसा ओळखायचा, आणि एकदा ओळखला की गर्दीत हरवू न देता त्याचा माग कसा काढायचा. त्यामुळं गावच्या बैठकीत मी जे बोललो ते अज्ञानातून बोललो, अशी सवलत मला नाही.

भानगड सरळ होती. गाव हायवेच्या अल्याड, बहुतेकांची शेतं पल्याड. माझ्या थोरल्या बहिणीचं, म्हणजे अक्काचं शेत पल्याड आणि गोठा अल्याड. कट बंद झाला की लांबच्या पुलाखालून वळसा. म्हणजे डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन अर्धी सकाळ रस्त्यातच गेली. ऑफिसचं म्हणणं असं, की खांबावर कॅमेरा लावून बघितलं, मशीननं मोजलं, इथून पायी कुणी जातच नाही.

"कुणी जात न्हाई?" अक्का म्हणाली. "मग मी कोण हाव?"

मी उभा राहिलो, घसा साफ केला. "अक्का, मशीन खोटं बोलत न्हाई. त्यांचा कॅमेरा भलत्या जागी असंल. मी माझा लावतो. बघू कसा बंद करतेत!"

टाळ्या पडल्या. माझ्या बहुतेक फजित्या टाळ्यांनंतरच सुरू झाल्या आहेत.

कॅमेरा लावायला मी मोठ्या हुशारीनं येळवशीचा दिवस धरला. त्या अमावस्येला आमच्याकडं घरात कुणी थांबत नाही. अख्खं गाव अंबील, भज्जी, उंडे घेऊन शेतात जातं, कडब्याच्या कोपीत पूजा करतं आणि वाटेनं जाणाऱ्याला ओढून जेवायला बसवतं. वर्षातली सगळ्यात मोठी पायी गर्दी. याहून भक्कम पुरावा कुठला? मशीननं काय बघितलं ते तपासायच्याही भानगडीत पडलो नाही. लॅपटॉप काखेत मारून थेट बीदरच्या ऑफिसात हजर.

साहेबांनी चहा सांगितला. मी व्हिडिओ चालू केला.

आता येळवशीला आमची माणसं निघतात कशी? घरचा कर्ता डोक्यावर अंबिलीचं बिंदगं, म्हणजे घागर घेतो आणि त्यावरून घोंगडी पांघरतो. बायकांच्या डोक्यावर टोपली, थंडी म्हणून अंगभर शाल. आणि माझी मशीन शिकलेली परदेशातल्या फोटोंवर. तिच्या लेखी माणूस म्हणजे मोकळं डोकं, खाली दोन खांदे, त्याखाली पँट आणि हातात फार तर छत्री. पडद्यावर आमचे अप्पा, म्हणजे माझे चुलते, घोंगडी घेऊन रुबाबात निघाले. मशीननं त्यांच्याभोवती चौकट काढली आणि वर नाव लिहिलं: अस्वल.

साहेबांचा कप ओठापाशीच थांबला.

अप्पांच्या मागून अस्वलांची रांगच लागली. टोपलीवाल्या बायकांना तर चौकटच नाही. रस्ता रिकामाच असल्यासारखी मशीन गप्प. ठळक दिसत होता तो एकच माणूस, तो म्हणजे मी. कॅमेऱ्याची तिपाई नीट करायला मी लिंबाच्या झाडामागून सारखा ये-जा करत होतो. झाडाआड गेलो की मशीन मला विसरायची, बाहेर आलो की नवा माणूस म्हणून नवा नंबर द्यायची. तिच्या हिशेबानं राजेश्वरची वस्ती दाट होती, फक्त सगळी माझ्याच तोंडाची.

"सर," साहेब अगदी आदबीनं म्हणाले, "आदमी किधर हैं इसमें? ये तो जंगल खाते का केस दिखरा."

शिपायानं हसू लपवायला चहाचा ट्रे तोंडासमोर धरला.

एवढ्यानं माणूस शहाणा होतो. मी झालो नाही. गावात येऊन अक्कापुढं नवी युक्ती मांडली. "कटापाशी आलं की भारा जरा खाली ठेवायचा आन् मोकळ्या डोक्यानं चालून दाखवायचं. मशीनला दिसंल."

अक्का म्हशीची धार काढत होती. ती उठली, तेव्हा म्हैससुद्धा बाजूला सरकली.

"ट्रक अंगावर यायला आन् मी भारा खाली ठेवू? परत डोक्यावर कोण देणार, तुझी मशीन?"

"तसं न्हाई गं..."

"मग कसं? लेकरांला शिकवायलास म्हन की तू. मग तिलाच कामून शिकवंनास, भारा घेतलेली बाई बी माणूस असती म्हणून?"

"त्याला शिकवता येत असतं तर झालंच की," शेजारची काकू भिंतीवरून म्हणाली.

मला राग आला. काकूचा आधी, मग मशीनचा, आणि मग मुळावरच घाव घालावासा वाटला. माझ्या बहिणीनं दिसण्यासारखं चालावं, ही अट घालणारा मी कोण? आणि ते ऑफिस तरी कोण? दिसणं हे चालणाऱ्याचं काम नाही. ज्याला बघायचा पगार मिळतो, त्यानं डोळे नीट करावेत.

मग अक्काच्या ओसरीवर आमचा कारखाना सुरू झाला. येळवशीचा व्हिडिओ, शिवाय रोजच्या भाऱ्यांचा नवा व्हिडिओ. एकेक चित्र थांबवायचं, त्यातल्या प्रत्येक माणसाभोवती हातानं चौकट काढायची आणि मशीनला सांगायचं, हा माणूस. घोंगडीतला माणूस. भाऱ्याखाली नुसते पाय दिसतात, तोही माणूस. झाडाआड गेलेला बाहेर आला की त्याच्या कपड्यांवरून, चालीवरून जुळव, उगाच नवा जन्म देऊ नको. एका भाऱ्यावरून अक्का आणि काकूचं जोरात भांडण झालं. दोघी म्हणत, ही मीच. मी मध्ये पडून म्हणालो, कुणाची का असंना, चौकट एकच. दोघी माझ्यावर उलटल्या. अप्पा रोज येऊन एवढंच विचारत, "अजून अस्वलच हाव का?"

पुन्हा बीदरला निघालो तेव्हा एकटा गेलो नाही. अक्का, काकू आणि बऱ्याच बायका बसनं आल्या आणि साहेबांच्या दारातच बसल्या. या खेपेला मी व्हिडिओ आधी बघितला होता. तेवढी सुधारणा होती. पडद्यावर प्रत्येक भाऱ्याखाली चौकट चालत होती, झाडाआडून तोच नंबर घेऊन बाहेर येत होती.

साहेबांनी बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "पर ये तो तुमारे गाव की मशीन हुई ना, सर?"

"व्हय साहेब, गावचीच हाय," मी म्हणालो. "तुमची कुठल्या गावची हाय?"

त्यांनी लॅपटॉप माझ्याकडं सरकवला. मग म्हणाले, वरून माणूस येऊन पाहणी करील, तोवर कट तात्पुरता बंद ठेवू, तुम्ही ही मशीन आमची मोजणी करणाऱ्या कंपनीला देऊन ठेवा.

"कट उघडा राहिला तर देतो," मी म्हणालो. "बंद झाला तर न्हाई."

"धमकी देरे क्या?"

माझ्या तोंडून काही निघायच्या आत अक्का दारातून म्हणाली, "बंद करा की साहेब. आमी तर जाणारच. म्हशीला पाहणी कळत न्हाई."

कट बंद करायला क्रेन आली ती सकाळी, भाऱ्यांच्या वेळेला. बायका नेहमीसारख्या रांगेनं निघाल्या. कुणी घाई केली नाही, कुणी भारा उतरवला नाही. क्रेनवाला खाली उतरून विडी ओढत बसला, आणि रांग संपेना तेव्हा साहेबांना फोन लावून म्हणाला, "साब, इधर तो लोगां चलरे." सिमेंटचे ठोकळे रस्त्याकडेला उतरवून क्रेन परत गेली.

ठोकळे अजून तिथंच पडलेत. वरच्या माणसाची पाहणी अजून व्हायची आहे. मधे ऑफिसातून निरोप आला, की हायवेवर रोखलेला खाजगी कॅमेरा ताबडतोब काढून टाकावा.

मी तो अक्काच्या माळवदावर, आणखी उंच लावलाय.